डीस्केल केल्यावर एस्प्रेसो मशीनच्या ग्रुपमधून पाणीच येत नाही, लवकर सांगा

फेसाळ:
क्षार काढायला लिंबूसत्वाने बॉयलर साफ केला, तेव्हापासून ग्रुपमधून (कॉफी उतरते त्या तोंडातून) थेंब नाही. पंप नुसता घरघरतो. दुरुस्तीवाला म्हणतो मशीन पुण्याला पाठवा. रविवारी पाहुणे आहेत. फक्त उपाय सांगा, 'पाणी चांगलं वापरायचं ना' वगैरे नको.

पान्हेवाला:
सिंगल बॉयलर, हीट एक्स्चेंजर की थर्मोब्लॉक? बॉयलर पितळी की ॲल्युमिनियमचा? सत्व किती, पाणी किती, किती वेळ ठेवलं? वाफेच्या नळीतून पाणी येतंय का? हे कळल्याशिवाय सगळे अंधारात तीर.

कढईवाली:
अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर, रात्रभर ठेवा. किटली लख्ख होते.

गोदाकाठ:
किटलीला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) नसतो हो ताई. ॲल्युमिनियम रात्रभर आम्लात ठेवलं तर काळवंडतं, शिवाय व्हिनेगरचा वास गास्केटमधून लवकर जात नाही.

चहाबाज:
दळण फार बारीक असेल. १८ ग्रॅम पुडीला ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत यायला हवी.

फेसाळ:
अहो, पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचा दांडा) न लावताच पाणी येत नाहीये, दळण कुठून आलं? सिंगल बॉयलर, ॲल्युमिनियम. १०० ग्रॅमचं पाकीट एक लिटरमध्ये, मशीन चालू ठेवून तासभर. वाफेच्या नळीतून जोरात येतं. नाशिक, पाथर्डी फाटा, बोअरचं पाणी. आता तरी सांगा.

पान्हेवाला:
हे आधी लिहायला हवं होतं. नळीतून येतंय म्हणजे पंप ठीक, बॉयलर भरलेला. ग्रुपकडे जाणारं पाणी मात्र तीन-मार्गी सोलेनॉइडमधून जातं आणि त्याचं भोक बारीक असतं. १० टक्के द्रावण, तेही गरम, म्हणजे क्षार विरघळण्याआधी पापुद्रे सुटतात आणि तिथे जाऊन बसतात. शिवाय असं द्रावण तापलं की कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बसतो, तो पुन्हा सहज विरघळत नाही.

आधी दोन गोष्टी बघा. ब्रूचं बटण दाबल्यावर 'टक्' आवाज येतो का? येत असेल तर सोलेनॉइडची कॉइल बहुधा शाबूत. दुसरं, टाकीत एक जादा नळी असेल तर पंप चालू असताना तिच्यातून पाणी परत पडतंय का? पडत असेल तर पुढे तुंबलंय हे नक्की, दाब वाढून पाणी माघारी फिरतंय.

मग प्लग काढा, मशीन पूर्ण गार होऊ द्या, वाफेचा नॉब उघडून दाब सोडा. वायरींचा फोटो काढा. कॉइलवरचा नट काढून कॉइल उचला, व्हॉल्व्हचे स्क्रू सोडा. आत प्लंजर आणि स्प्रिंग. भोक लाकडी टूथपिकने मोकळं करा, सुई नको, सीटला (प्लंजर टेकतो त्या जागेला) चर पडला की कायम गळणार. शॉवर स्क्रीन (ग्रुपच्या तोंडाची जाळी) आणि तिच्यामागची प्लेटही काढून बघा, चुरा तिथेही साचतो.

कॉफीवाला_नाना:
एवढं खोलायची काय गरज? ब्लाइंड (बिनभोकाची) बास्केट लावून बॅकफ्लश मारा, म्हणजे पाणी उलटं फिरवा, दाबाने निघेल.

पान्हेवाला:
नाना, पाणी ग्रुपपर्यंतच येत नाही, तर बॅकफ्लशला दाब कुठून आणणार? आणि त्याची पावडर कॉफीचं तेल काढते, क्षार नाही.

गोदाकाठ:
पान्हेवाल्यांना +१. पुढच्या वेळी ॲल्युमिनियमला लिटरला २० ग्रॅम, कोमट, हीटर बंद, १५ मिनिटं बस. तेवढं सत्व १४ ग्रॅमच्या आसपास चुना विरघळवतं, घरगुती बॉयलरला पुष्कळ. नंतर दोन टाक्या साधं पाणी. पितळी बॉयलरमधून निळसर-हिरवं पाणी आलं की समजा तांबं सुटतंय, लगेच थांबा.

कॉफीवाला_नाना:
आरओ लावा, विषय संपला. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) ३० च्या खाली आला की क्षार नाहीत.

गोदाकाठ:
संपत नाही. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. सॉफ्टनरचं पाणी ५०० दाखवेल आणि तरी क्षार धरणार नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. उलट अगदी कोरं पाणी धातू खातं, आणि काही मशीनच्या लेव्हल सेन्सरला ते दिसतच नाही. आरओच्या लिटरभर पाण्यात ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घाला. एवढं तोलता येत नसेल तर १० ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिली घ्या. जडपणा बघायला फिशटँकच्या दुकानातलं थेंबांचं किट पुरतं.

कढईवाली:
अवांतर: गीझरला यातलं काय चालेल? प्लंबर हायड्रोक्लोरिक म्हणतोय.

फेसाळ:
टक् आवाज येतोय, पाणी टाकीत परत पडतंय. व्हॉल्व्ह खोलला, नखाएवढा पापुद्रा आडवा बसला होता. आता धार आहे, पण बटण बंद केल्यावरही ग्रुप ठिबकतो. ओ-रिंगही चपटी झालीय. व्हॅसलीन लावून बसवू का?

पान्हेवाला:
व्हॅसलीन अजिबात नको, रिंग ईपीडीएम रबराची असेल तर फुगेल. फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. नवीन रिंगसाठी जुनी घेऊन सातपूर किंवा अंबडला हायड्रॉलिक सील विकणाऱ्यांकडे जा. ते काळी नायट्राइल पुढे करतील, तुम्ही ईपीडीएमच मागा. ठिबकतंय म्हणजे सीटवर कण राहिलाय किंवा प्लंजर उलटा बसलाय, रबराचं तोंड सीटकडे हवं. परत खोला.