आधी संशोधनात नाव, मग विज्ञानप्रसार : नारळीकरांचा क्रम आज पाळावा का?

निहारिका (धागाकर्ती)

नमस्कार. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत आहे आणि पुढे खगोलभौतिकीत पीएच.डी. करण्याचा विचार आहे. मराठीत विज्ञानाविषयी लिहायची मला मनापासून आवड आहे. परंतु विभागातील एका वरिष्ठांनी बजावले, की आधी संशोधनात नाव कमवा आणि मग हवे तेवढे लेख लिहा. पुष्टीसाठी त्यांनी डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण दिले. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत त्यांनी १९६४ मध्ये मांडला, पुढच्याच वर्षी, म्हणजे वयाच्या २६व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्यांचे लोकांसाठीचे लेखन त्यानंतरचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा क्रम खरोखर आवश्यक आहे का, आणि प्रसाराच्या कामामुळे त्यांच्या संशोधनाचे नुकसान झाले का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

ध्रुवमत्स्य

क्रम तुमच्या वरिष्ठांनी सांगितला तसाच आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. १९६५ मध्ये नारळीकर भारतात आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना झुंबड उडाली होती, हे खरे. मात्र ते कौतुक केंब्रिज गाजवून आलेल्या मराठी तरुणाचे होते. वस्तूचे जडत्व विश्वातील उरलेल्या सगळ्या द्रव्यावर अवलंबून असते, हा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा विचार गणितात बसवण्याचा त्यांचा प्रयत्न त्या गर्दीतील किती जणांपर्यंत पोचला असेल, याविषयी मला शंकाच आहे.

मराठी लेखक म्हणून त्यांनी सुरुवात कशी केली, ते पाहा. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की खरा लेखक सापडतो. परीक्षकांनी नाव पाहून गुण देऊ नयेत, एवढाच हेतू होता आणि त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ज्याच्या गाठीशी पद्मभूषण होते, त्यानेच लेखनाच्या दारात ते बाहेर काढून ठेवले. मग नाव झाल्याखेरीज लिहू नये, या सल्ल्यासाठी त्यांचा दाखला कसा चालेल?

निवृत्त प्राध्यापक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची काम करण्याची रीत. व्याख्यान संपल्यावर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते सही देत नसत. घरी जाऊन एका पोस्टकार्डावर विज्ञानातील एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल, असे ते सांगत. सही मागायला काहीच लागत नाही. प्रश्न लिहायचा म्हटला, की आपल्याला नेमके काय समजलेले नाही, हे मुलाला आधी स्वतःशी ठरवावे लागते आणि तेही पोस्टकार्डावर मावेल इतक्या नेमक्या शब्दांत! उत्तर देणाऱ्यालाही जागा तेवढीच असल्याने पाल्हाळाला वाव उरत नाही. वर्गात मी ‘काही शंका?’ असे विचारत असे आणि समोर शांतता असे. त्यामुळे या युक्तीचे मोल मला फार वाटते.

दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी प्रसाराचे काम संस्थेच्या रोजच्या व्यवहारात बसवले. विद्यापीठांतील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात अद्ययावत संशोधन करता यावे, यासाठी पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली. २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते आणि शालेय मुलांसाठी शनिवारची व्याख्याने तिथे नेमाने होऊ लागली. युनेस्कोचा विज्ञानप्रसारासाठीचा कलिंग पुरस्कार त्यांना १९९६ मध्ये मिळाला, तो संचालकपद सांभाळत असताना.

शंकेखोर

कौतुक योग्यच आहे, पण संशोधनाविषयीचा प्रश्न बाजूला राहिला. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटाचा अवशेष मानले जाणारे, अवकाशात सर्व दिशांनी येणारे क्षीण प्रारण सापडल्यानंतर हॉइल आणि नारळीकर ज्या स्थिर-स्थिती विश्वाचा, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि सदैव सारख्याच दिसणाऱ्या विश्वाचा, पुरस्कार करत, त्या कल्पनेचा आधार सुटत गेला. तरीही नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांतावर आक्षेप घेत राहिले आणि १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याच कल्पनेचे सुधारित रूप असलेले अर्ध-स्थिर-स्थितीचे प्रतिमान मांडले, जे बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. सहकारी अशा मताची छाननी करू शकतात, सामान्य वाचक ती करू शकत नाही. तो लेखकाच्या नावावर विश्वास टाकतो. त्यामुळे लोकप्रिय शास्त्रज्ञ अल्पमतात असेल, तर त्याच्यावरची जबाबदारी वाढते, असे माझे मत आहे. नुकसान झालेच असेल, तर ते प्रसारामुळे नव्हे, या भूमिकेमुळे झाले.

ध्रुवमत्स्य

शंकेखोर यांचा मुद्दा रास्त आहे, आणि तो टाळूही नये. मात्र अल्पमतात असूनही ते परीक्षेपासून पळाले नाहीत. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत, या कल्पनेबद्दल त्यांना हॉइल यांच्याइतकीच उत्सुकता होती. म्हणून हैदराबादहून सोडलेल्या बलूनमधून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्याचा इस्रोचा प्रयोग झाला आणि त्यात ते प्रमुख होते. २००९ मध्ये तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर झाल्या, पण त्या पृथ्वीबाहेरूनच आल्या हे निर्विवाद सिद्ध होत नाही, असेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले गेले.

फलज्योतिषाची चाचणी तर सर्वांसमोर झाली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवून कोणती कोणत्या गटातील, एवढेच विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवले असते तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के निघाली आणि सर्वोत्तम उत्तर २४ बरोबरचे होते. माझ्या मते त्यांच्या प्रसारकार्यातला हा सर्वांत भक्कम भाग आहे, कारण इथे वाचकाला कोणाच्याही नावावर विश्वास टाकावा लागत नाही.

निहारिका

सर्वांचे आभार. एक व्यावहारिक शंका उरते : पीएच.डी.च्या काळात लेखनाला किती वेळ द्यावा आणि सुरुवात कशाने करावी?

निवृत्त प्राध्यापक

पहिल्या वर्षी अभ्यासक्रम आणि विषयाची निवड यांतून सवड मिळणार नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांतून एक लेख पुरेसा आहे. मार्गदर्शकांना मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे कुरबुर होणार नाही. विषय तुम्ही स्वतः शिकत असलेलाच घ्या. कृष्णविवरांवर सरसकट लिहिण्यापेक्षा, तुमच्या दुर्बिणीच्या विदेतून (डेटातून) गोंगाट, म्हणजे नको असलेले संकेत, कसा वेगळा काढतात, हे लिहिलेत तर ते मराठीत क्वचितच वाचायला मिळते. मजकूर आधी विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या आणि जिथे ते अडतील तिथे खूण करायला सांगा. नंतर तो मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेकडे पाठवून पाहा.