एएस/४००ची ग्रीन स्क्रीन काढून ब्राउझर आणावा का?

धागाकर्ता: आमचे काम एएस/४०० या आयबीएमच्या सर्व्हरवर चालते. पीसीवरून तो ५२५० एम्युलेटर या प्रोग्रॅममधून वापरतात; त्यात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे दिसतात, म्हणून ती ग्रीन स्क्रीन. "१९८८ची ग्रीन स्क्रीन आजच्या कर्मचाऱ्यांपुढे ठेवणे हा त्यांचा अपमान आहे; ५२५० एम्युलेटर काढून सगळीकडे हलका ब्राउझर ठेवावा," असे एका सहकाऱ्याने काल आमच्या ग्रुपवर लिहिले. मला ते मुळीच पटले नाही. ५२५० वर एंटर किंवा एखादी फंक्शन कळ दाबेपर्यंत सर्व्हरकडे काहीही जात नाही, आणि उत्तर येण्याआधी पुढचे टंकले तरी ते बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठून राहते. आमच्या गोदामातल्या ताई या बळावर स्क्रीनकडे न पाहता आवक नोंदवत असत. वेब पान आल्यापासून त्यांचा हात दर रकान्यानंतर माउसकडे जातो.

प्रतिसाद १: हा दोष पान बनवणाऱ्याचा आहे, ब्राउझरचा नव्हे. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की शाखाशाखांत फिरून प्रत्येक पीसीवर तो मी स्वतः बसवला आहे. त्या रात्रींचा हिशेब तुमच्या लेखात कुठेही नाही.

प्रतिसाद २: आणि कळांचे काय? ५२५० वर एफ३ म्हणजे बाहेर पडणे आणि एफ१२ म्हणजे मागे जाणे. ब्राउझरमध्ये एफ३ने शोधपट्टी उघडते आणि एफ१२ने डेव्हलपर टूल्स. फील्ड एक्झिटची कळ तर कीबोर्डवर उरलीच नाही. रकान्यातला उरलेला जुना मजकूर पुसून पुढे नेणारी ती एक कळ गेल्यावर जुन्या रकमेचे शेवटचे आकडे तसेच राहून आमचे एक बिल चुकले.

प्रतिसाद १: एफ३ आणि एफ१२ जावास्क्रिप्टने अडवता येतात, फील्ड एक्झिटही दुसऱ्या कळीवर देता येते. कृपया माहिती घेऊन लिहावे.

प्रतिसाद २: माहिती मला वीस वर्षांच्या कामाने दिली आहे, आपला हा सूर मला मान्य नाही. कंट्रोल-डब्ल्यू तुमचे पान अडवू शकत नाही. चुकून टॅब बंद झाला की अर्धी भरलेली नोंद जाते आणि सर्व्हरवरचा जॉब (त्या वापरकर्त्याचे चालू काम) कालमर्यादा संपेपर्यंत ते रेकॉर्ड इतरांसाठी लॉक करून बसतो.

प्रतिसाद ३: आमच्या पुरवठादाराने याच स्क्रीन जावा ॲपलेटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅममध्ये, बसवून दिल्या होत्या. २०१५ मध्ये क्रोमने त्यासाठी लागणारे एनपीएपीआय प्रकारचे प्लगइन (ब्राउझरला जोडायचे पूरक प्रोग्रॅम) बंद केले, म्हणून आम्ही इंटरनेट एक्सप्लोररवर अडकून राहिलो. जून २०२२ मध्ये त्याचाही आधार संपला. ५२५० मात्र त्या सगळ्या काळात चालूच होते.

प्रतिसाद १: ॲपलेटची चूक मान्य करतो, पण साध्या एचटीएमएलला प्लगइन लागत नाही.

धागाकर्ता: तेवढे मीही मान्य करतो. ज्यांना फक्त साठा किंवा थकबाकी पाहायची आहे, त्यांच्यासाठी ब्राउझर पुरेसा आहे. नोंद करणाऱ्यांचे एम्युलेटर मात्र काढू नयेत, आणि काढायचेच असतील तर आधी पान बनवणाऱ्याने ताईंच्या शेजारी बसून एक पूर्ण दिवस आवक नोंदवावी.