परदेशातील मोहिमांसाठी लष्करी वाहतूक हेलिकॉप्टरांचे आधुनिकीकरण : आधी काय बदलावे?

विमाननगरकर
नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि संरक्षणविषयक वाचन हौसेने करतो. आमच्या अभ्यासमंडळात पुढील महिन्यात मला या विषयावर टिपण वाचायचे आहे. बातम्या वाचल्या की आधुनिकीकरण म्हणजे जुन्या घड्याळांच्या जागी चकचकीत पडदे बसवलेले कॉकपिट, एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या हवाईदलातील रशियन बनावटीच्या एमआय-१७ सारखे हेलिकॉप्टर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत किंवा अनेक देशांच्या संयुक्त मोहिमेत पाठवायचे असेल, तर देशांतर्गत वापराहून त्यात वेगळे काय लागते? शिवाय, जुन्या सांगाड्यावर एवढा खर्च करण्यापेक्षा नवी हेलिकॉप्टरेच का घेऊ नयेत? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.

निवृत्त_वायुसैनिक
माझ्या मते कॉकपिटचा क्रमांक बराच खाली लागतो. पहिला प्रश्न वजनाचा आणि इंजिनाच्या शक्तीचा आहे.

एमआय-१७ हेच मुळात एमआय-८ चे आधुनिकीकरण आहे. सांगाडा जवळपास तोच ठेवून प्रत्येकी १,५०० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांच्या जागी सुमारे १,९०० अश्वशक्तीची टीव्ही३-११७ इंजिने बसवली गेली आणि शेपटीचा पंखा उजव्या बाजूचा डाव्या बाजूला आला. (कुंपणाबाहेरून दोघांतील फरक ओळखायचा असल्यास तेवढे पाहिले तरी पुरते.) आपल्याकडील व्ही-५ आवृत्तीचे कमाल उड्डाणवजन १३ टन असून ती ४ टनांपर्यंत माल नेते, पण हा आकडा अनुकूल हवामानातला आहे. काँगोतील गोमा, जेथे आपल्या हवाईदलाची तुकडी शांतिसेनेत होती, ते विषुववृत्तालगत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील उष्ण व विरळ हवेत इंजिनाची शक्ती आणि पात्यांची उचल या दोन्ही गोष्टी घटतात.

आता त्याच हेलिकॉप्टरवर इंजिनाच्या तोंडाशी धूळ गाळणारी यंत्रणा, वैमानिकांभोवती चिलखती पत्रे, धुराड्यावर उष्णता लपवणारे आवरण, क्षेपणास्त्राची चाहूल देणारे संवेदक आणि त्याला भुलवण्यासाठी जळते गोळे, म्हणजे फ्लेअर, सोडणारे संच चढवून पाहा. यांतील प्रत्येक वस्तू आपले वजन घेऊन येते. धूळ गाळणारी यंत्रणा तर चालू असताना इंजिनातीलच दाबाची हवा वापरते, म्हणजे शक्तीतही वाटा मागते. इंजिन तेच ठेवून हे सारे बसवले, तर कागदावर आधुनिक झालेले हेलिकॉप्टर प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा कमी जवान उचलते. म्हणून आधी इंजिन, मग संरक्षक सामग्री आणि त्यानंतर बाकीचे, असा माझा क्रम आहे.

पाषाण_वाचक
वजनाचा मुद्दा मान्य आहे, परंतु मोहीम कोणती यावर यादी बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या कामात हेलिकॉप्टर पांढरे रंगवून त्यावर मोठी काळी अक्षरे काढतात. आपण दिसावे, हाच तेथे संरक्षणाचा एक भाग असतो. अर्थात त्यावर विसंबून राहता येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी उडणारे एमआय-८ तेथील सैन्यानेच पाडले आणि चार रशियन कर्मचारी मृत्युमुखी पडले.

नाटोसारख्या आघाडीसोबत जायचे असेल तर प्रश्न वेगळा होतो, कारण तेथे आकाशातील प्रत्येकाला तुम्ही मित्र आहात हे यंत्राच्या भाषेत कळावे लागते. अमेरिका व नाटो २०२० पासून शत्रू-मित्र ओळखयंत्राच्या 'मोड-५' या नव्या पद्धतीकडे वळले असून, त्याच्या कूटकिल्ल्या ज्याला मिळत नाहीत तो देश हेलिकॉप्टर घेऊन पोहोचला तरी आघाडीच्या पूर्ण चित्रात येत नाही. या यंत्रणेचे मोल आपल्याला परदेशी जाऊन शिकण्याची गरज नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे आपले एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, हे हवाईदल प्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले होते.

याखेरीज युरोपच्या नागरी हवाई क्षेत्रातून जायचे असल्यास तेथील अरुंद अंतराच्या वाहिन्यांवर चालणारे रेडिओ आणि त्यांच्या नियमांत बसणारा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपली ओळख आपोआप कळवणारे यंत्र, लागतो. हे सामान किरकोळ वाटते, पण त्यावाचून अडवणूक होते.

पुण्याचा संबंध शोधत असाल तर रडारला चकवणाऱ्या चाफच्या काडतुसाचा उल्लेख टिपणात करता येईल. ते जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने आमच्या पाषाणच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने विकसित केले असून २०२१ मध्ये त्याची घोषणा झाली. मात्र हेलिकॉप्टरला मोठा धोका खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या, उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांचा असतो आणि त्यांच्यापुढे चाफ नव्हे, फ्लेअर कामी येतात.

मयूरी_के
कॉकपिटला इतके खाली ढकलणे मला पटत नाही, काका. रात्री नाइट व्हिजन गॉगल लावून उडायचे, तर आतील दिव्यांचा प्रकाश त्या गॉगलला मानवणारा असावा लागतो. जुन्या दिव्यांनी वैमानिकाचे डोळेच दिपतात. पण कॉकपिट बदलताना खरी अडचण पडद्यांची नसून त्यामागील सॉफ्टवेअरची आणि ते सुरक्षित असल्याच्या पुराव्याची आहे.

ब्रिटनने १९९५ मध्ये आठ चिनूक एमके-३ वाहतूक हेलिकॉप्टरे मागवली. ती २००१ मध्ये हाती आली, परंतु त्यांच्या खास जुळवलेल्या कॉकपिटमधील सॉफ्टवेअर उड्डाणयोग्यतेच्या कसोटीवर सिद्ध करता येईना, कारण त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) मिळण्याची तरतूदच करारात नव्हती. परिणामी सुस्थितीतील नवी हेलिकॉप्टरे वर्षानुवर्षे हँगरमध्ये राहिली आणि अखेर आधीच्या आवृत्तीचे साधे कॉकपिट बसवल्यानंतरच सेवेत आली. विमाननगरकर, नवे घेतले की प्रश्न मिटतो असे नाही, ते यावरून दिसेल. आपल्याकडे हे प्रमाणन लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता तपासणाऱ्या बेंगळुरूच्या 'सेमिलॅक' या संस्थेकडे असते. करार करतानाच त्यांना सोबत घेतलेले बरे.

उलट उदाहरणही ब्रिटनचेच आहे. त्यांनी १९७० च्या दशकातील २४ प्यूमा हेलिकॉप्टरांना अधिक शक्तीची मकीला इंजिने आणि डिजिटल कॉकपिट दिले. ती २०१५ पासून काबूलमध्ये वापरली गेली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली. तेव्हा जुना सांगाडा हा आपोआप वाया गेलेला खर्च नव्हे. खर्च वाया जातो तो दिरंगाईमुळे. आपल्या ९० एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या सुधारणेचा विचार २००२ मध्ये झाला आणि इस्रायली कंपनीशी करार जानेवारी २०१७ मध्ये. सुधारणा पूर्ण होईपर्यंत त्यांतील अनेकांचे आयुष्यच संपत आलेले असेल, असे महालेखापरीक्षकांनी नोंदवले.

विमाननगरकर
सर्वांचे आभार. एक उपप्रश्न : यंत्रे रशियन घडणीची आहेत, रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर परदेशी तैनातीवर त्याचा काय परिणाम होतो?

निवृत्त_वायुसैनिक
मयूरीताई, गॉगलचा मुद्दा मान्य. रात्रीचे काम असेल तर तो संच इंजिनासोबतच घ्यावा.

उपप्रश्नाबाबत सांगायचे तर, २०२२ मध्ये युक्रेनने काँगोतील आपली हेलिकॉप्टरे मायदेशी बोलावली, तेव्हा एमआय-८ कुळातील यंत्रांवर शांतिसेना किती अवलंबून होती ते दिसले. आपल्याकडे या हेलिकॉप्टरांची मोठी दुरुस्ती चंडीगढच्या ३ बेस रिपेअर डेपोत होते, ही जमेची बाजू आहे. तरीही सुटे भाग लागतातच आणि परदेशातील तळावर ते मागवून येण्याची वाट पाहता येत नाही. म्हणून अशा तुकडीसोबत पात्यांचे राखीव संच, एक जादा इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच पाठवावे लागतात. आपल्या टिपणात आधुनिकीकरणाच्या खर्चाबरोबर हा साठाही धरावा, कारण तो बहुधा वेगळ्या खात्यात लिहिला जातो आणि तुलनेत येतच नाही.