मदत हवी आहे: ट्रायकोडर्मा वेगळी करायचीय, पण प्लेट रायझोपस बळकावतोय

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हळदीच्या मुळांलगतच्या मातीतून ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी वेगळी करतेय. माध्यम साधं पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगर, बुरशी वाढवायला): लिटरला 39 ग्रॅम तयार पावडर, 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक). मातीचं हजारपट आणि दहा हजारपट विरलीकरण पसरवून प्लेटा 28 अंशांना ठेवते.

तिसऱ्या दिवशी बघावं तर आत नुसता कापूस! रायझोपस (झपाट्यानं पसरणारी, मला नको असलेली बुरशी) पार झाकणाला टेकलेला, त्यावर काळे ठिपके. खाली कडेला हिरवट ठिगळ दिसतं, तीच बहुधा माझी ट्रायकोडर्मा. पण तिथवर सुई न्यायची तर काळे बीजाणू सगळीकडे उडतात. जिवाणूंचा त्रास नाही. माध्यम 45-50 अंशांवर निवलं की स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू रोखणारं प्रतिजैविक घालते. (क्लोरॅम्फेनिकॉल हे दुसरं प्रतिजैविक ऑटोक्लेव्ह सोसतं, पण लॅबमधलं संपलंय आणि खरेदीची फाइल कुठल्या टेबलावर आहे देव जाणे.)

मॅडम म्हणतात रोझ बेंगाल हा रंग माध्यमात घाल, वसाहती पसरत नाहीत. पण ते उजेडात राहिलं तर हव्या त्या बुरशीलाही विषारी ठरतं, आणि आमच्या इन्क्युबेटरला काचेचं दार! प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून भागेल का?

मातीसाठी रोझ बेंगाल कोणी वापरलं असेल तर लिटरला किती मिलिग्रॅम घेता? आणि वाढीच्या कडेच्या बुरशीतंतूचं टोक उचलून वॉटर अगरवर (पोषकाविना नुसतं अगर) नेणं एवढ्या गर्दीत जमतं, की माती आणखी विरळ करून पुन्हा पसरवू?