मदत हवी आहे: कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये ६४ पिक्सेलच्या शिळ्या पट्ट्या (आर्म, लिनक्स ड्रायव्हर)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या लूमवर कापडातले दोष पकडणारा कॅमेरा बसवतोय. बोर्डावर चार कोअरचा कॉर्टेक्स-ए५३ हा आर्म प्रोसेसर आहे, सोबत एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट बसवता येणारी चिप. एफपीजीए डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, फ्रेम थेट रॅममध्ये टाकतो. ड्रायव्हर मी लिहिलाय.

नव्या फ्रेममध्ये मधूनच आधीच्या फ्रेमचे आडवे तुकडे दिसतात, प्रत्येक बरोबर ६४ पिक्सेलचा. चित्र कृष्णधवल, एका पिक्सेलला एक बाइट. ए५३ची कॅश लाइनही (कॅश म्हणजे सीपीयूजवळची छोटी वेगवान मेमरी, लाइन म्हणजे तिचा एक तुकडा) ६४ बाइटची, म्हणून संशय कॅशवरच. फ्रेम येण्याआधी बफर (रॅममधली फ्रेमची जागा) एकाच आकड्याने भरून ठेवला तर पट्टीत तोच आकडा निघतो.

ही पट्टी प्रोग्रामला तुटलेल्या आडव्या धाग्यासारखी वाटते आणि लूम थांबतो. इथे कामगाराची मजुरी नगावर. लूम उगाच थांबला की नुकसान त्याचं होतं, त्यामुळे 'बहुतेक वेळा चालतं' एवढ्यावर मला हे सोडायचं नाही.

प्रोग्राम एकाच कोअरवर बांधून पाहिला, फरक नाही. बफर मेमरीच्या अख्ख्या पानांचा आहे, म्हणजे एका लाइनमध्ये शेजारचा डेटा येण्याचा प्रश्न नाही. फ्रेम आल्यावर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू हे कॅशमधली जुनी प्रत रद्द करणारं फंक्शन बोलावतो, दिशाही 'फ्रॉम डिव्हाइस' अशीच दिलीय. कर्नलचं डीएमए डीबग चालू केलं, एकही तक्रार नाही. शेवटी डीएमए_अलॉक_कोहेरंटने कोहेरंट मेमरी (सीपीयू आणि उपकरण दोघांना एकच डेटा दिसावा अशी) घेतली, तरी पट्ट्या तशाच! वेगही जराही कमी झाला नाही. हे मला अजिबात उलगडत नाही. कॅश इन्व्हॅलिडेट होतेय, म्हणजे जुनी प्रत रद्द होतेय की नाही, हे कसं पाहायचं?

प्रतिसाद

कोहेरंट मेमरी घेऊनही वेग पडला नाही, यातच उत्तर आहे. एफपीजीए कॅशशी जोडलेला नसेल, तर ए५३वर कोहेरंट मेमरी कॅशशिवाय मॅप होते आणि सीपीयूचं वाचन चांगलंच मंदावतं. तुमचा वेग पडला नाही, म्हणजे हार्डवेअर कॅश स्वतःच सांभाळतंय अशी कर्नलची समजूत झालीय. मग सिंकचं फंक्शनही कॅशला हात न लावता परत येतं. डीबग गप्प राहणारच. ते फंक्शनं नियमाने बोलावली का एवढंच बघतं, तारा कुठे जोडल्यात ते त्याला कळत नाही.

डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डावरचं हार्डवेअर सांगणारी यादी) 'डीएमए-कोहेरंट' ही ओळ शोधा. फक्त तुमच्या नोडमध्ये नको, वरच्या बसच्या नोडमध्येही, कारण कर्नल पालक नोडपर्यंत चढून ते बघतो. सोर्स फाइलवर विसंबू नका, चालू बोर्डावर /प्रॉक/डिव्हाइस-ट्री उघडून पाहा. ती ओळ सापडली तर काढा. काढल्यावर मात्र साधा कॅश होणारा बफर आणि सिंक हीच जोडी ठेवा. कोहेरंट मेमरीवर चित्र तपासत बसलात तर लूमच्या वेगाला पुरणार नाही.

मूळ लेखक

मनापासून आभार, दादा. ओळ बसच्या नोडमध्येच निघाली, बोर्डासोबत आलेल्या नमुना फाइलमधून आलेली. ती काढली आणि आकडा भरून घेतलेल्या चाचणीत आता एकही पट्टी येत नाही. सिंकला आता वेळ लागतो, पण तो खरोखर काम करतोय म्हणून. आता एकच विचारतो: एफपीजीएची जोडणी कॅशशी सुसंगत पोर्टवर हलवून ती ओळ परत घालणं, की फ्रेमचा हवा तेवढाच भाग सिंक करणं? कोणी दोन्ही मोजून पाहिलंय का?