लवचीक लूप : वळसा, वेटोळे की झडप?

पाटीपेन्सिल
बी.एस्सी.च्या मुलांसाठी जीवरसायनशास्त्राची टिपणे मराठीत करते आहे. एका वाक्याशी अडले. प्रथिनांतल्या फ्लेक्झिबल लूपचा विकरांच्या (एन्झाइमांच्या) कार्यावर परिणाम होतो, असे ते वाक्य. यंत्राकडून भाषांतर करून पाहिले तर 'लवचिक पळवाटा' असे आले, तेवढीच करमणूक. लूपसाठी वेटोळे, फास, पाश, वळसा यांपैकी काय बरे वाटते? आणि 'लवचिक' चालेल ना?

उंबरठा
वेटोळे नको. वेटोळे म्हटले की एकावर एक फेरे घातलेला साप डोळ्यांपुढे येतो, आणि प्रथिनात तसा फेऱ्याफेऱ्यांचा भाग वेगळाच असतो, त्याला सर्पिल म्हणतात. फासात काहीतरी अडकायला हवे. वळसा मला पटतो. अमिनो आम्लांची साखळी एका सरळ पट्टीतून निघून पुढच्या पट्टीकडे किंवा सर्पिलाकडे जाताना जी फिरून जाते, तो वळसाच की.

चिंचबोर
लूपच ठेवा. पुढे मुले इंग्रजी पुस्तकेच वाचणार आहेत. (फक्त घरी आजीसमोर मोठ्याने वाचू नका. तिच्या पिढीत 'लूप बसवणे' म्हणजे कुटुंबनियोजन.)

रसायनमास्तर
शब्द ठरवण्याआधी हा भाग करतो काय ते पाहू या, नाहीतर शब्द देखणा आणि अर्थ भलताच अशी गत व्हायची.

ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज हे विकर घ्या. ग्लायकॉलिसिसमध्ये, म्हणजे पेशीत साखर फोडली जाताना, डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेटचे ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट करायचे, एवढेच त्याचे काम. पण ते इतक्या झपाट्याने करते की पुढचा रेणू पाण्यातून वाट काढत येईपर्यंत त्यालाच थांबावे लागते. याच्या सहाव्या लूपमध्ये अकराएक अमिनो आम्ले आहेत. क्रियाद्रव्य (विकर ज्यावर काम करते तो रेणू) जागेवर बसले की लूपचे टोक साधारण 7 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकून त्याच्यावर येते आणि आजूबाजूचे पाणी बाहेर राहते. आत 165व्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल एक प्रोटॉन काढून घेते आणि एनेडायॉल जातीचा मधला रेणू तयार होतो. हा मोठा नाठाळ. बंदोबस्तात राहिला तर हवे ते उत्पादन होते, मोकळा सुटला तर फॉस्फेट टाकून त्याचे मिथिल ग्लायॉक्सल होते, आणि ते पेशीला विषारी. म्हणजे लूप जितके विक्रिया घडवण्यासाठी आहे, तितकेच भलती विक्रिया होऊ न देण्यासाठीही.

1990 साली जेरेमी नोल्स यांच्या गटाने या लूपमधली चारच अमिनो आम्ले काढून टाकली. विकराची बाकीची घडी शाबूत राहिली, पण कार्यक्षमता सुमारे एक लाख पटींनी घसरली आणि तो मधला रेणू बाहेर गळू लागला.

आता तुमचे 'लवचिक'. माझा खरा आक्षेप तिथे आहे. हे लूप रबरासारखे नाही. त्याचा मधला भाग जवळजवळ ताठच राहतो. दार फिरते तेव्हा फळी वाकत नाही, तसे. वाकतात त्या दोन्ही टोकांच्या तीन-तीन अमिनो आम्लांच्या बिजागऱ्या. पुढे कोणीतरी या बिजागऱ्यांच्या जागी मुद्दाम ग्लायसिन घालून पाहिले. ग्लायसिनला बाजूची साखळी म्हणण्यासारखी काही नाही, एक हायड्रोजन तेवढा. त्यामुळे ते वाटेल तसे वळते. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासहून मांडलेल्या, साखळी कुठे कशी वळू शकते ते दाखवणाऱ्या आलेखात सर्वांत ऐसपैस मुभा त्यालाच आहे. बिजागरी अशी मोकळी केल्यावर विकर अधिक चपळ व्हायला हवे होते. झाले उलटेच, त्याचा वेग पार पडला. मोकळ्या बिजागरीवरचे लूप नको त्या शंभर ठिकाणी हिंडू शकते, बंद होण्याची नेमकी जागा त्याला क्वचितच सापडते. 'लवचिक' वाचून मुले 'सैल' समजणार असतील, तर ते त्यांना उलटेच शिकवणे होईल.

उंबरठा
मास्तर, मग वळसा हे झाले आकाराचे नाव. कामाचे नाव 'झडप' का नको? विहिरीच्या पंपाला असते ती झडप. उघडते, मिटते, ताठ असते आणि बिजागरीवर हलते.

काळी_मैना
'झडप' वाचल्यावर मला आधी 'झडप घातली' आठवते. लूप दबा धरून बसले आहे, क्रियाद्रव्य आले की उडी, असा अर्थ होईल.

रसायनमास्तर
शंका रास्त आहे, कारण तसे नसतेच. क्रियाद्रव्य नसतानाही हे लूप हलत असते. घनावस्थेतील एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपण्याची पद्धत) वापरून केलेल्या मोजमापात त्याची उघडझाप सेकंदाला दहा हजारांच्या घरात निघाली, म्हणजे विकराच्या कामाच्या वेगाशी जुळणारी. क्रियाद्रव्य आल्याने मिटलेली स्थिती अधिक टिकते, इतकेच. यासाठी 'उघडझाप' मला फार आवडला, इंग्रजीत इतका सुटसुटीत शब्द नाही.

आणि झडप एका ठिकाणी अगदी चपखल आहे. एचआयव्हीच्या प्रोटिएजमध्ये (प्रथिने कापणाऱ्या विकरात) 99 अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या असतात आणि प्रत्येकीची एकेक झडप मधल्या क्रियास्थानावर (विक्रिया घडते त्या जागेवर) झाकली जाते. रिटोनाव्हिरसारखी औषधे त्या झडपांखालीच जाऊन बसतात. विषाणूत याच झडपेवरचे 48वे ग्लायसिन बदलून व्हॅलिन झाले की तो सॅक्विनाव्हिर या औषधाला दाद देईनासा होतो.

चिंचबोर
म्हणजे ठरले, सगळीकडे झडप?

रसायनमास्तर
नाही ना. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज पाहा, ट्रायमेथोप्रिम हे औषध ज्याला अडवते ते. ई. कोलाय जिवाणूतल्या या विकरात मेथिओनिन-20चे लूप आहे. ते नुसते उघड-बंद होत नाही. एका स्थितीत ते सहविकराच्या (विकराला मदत करणाऱ्या रेणूच्या) निकोटिनामाइड कड्याला चिकटून बसते आणि हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनांसह हायड्रोजन) सरकवायला जागा बांधून देते. उत्पादन तयार झाले की दुसऱ्या स्थितीत जाऊन त्याच कड्याची जागा स्वतःच बळकावते. तिथे झडप म्हटले तर अर्धी गोष्ट सुटते. शिवाय त्याच विकरात क्रियास्थानापासून चांगल्या 19 अँगस्ट्रॉमवर, भलत्याच लूपमध्ये, 121वे ग्लायसिन आहे. ते बदलून व्हॅलिन केले तर हायड्राइड सरकण्याचा वेग शंभराहून अधिक पटींनी कमी होतो. जे कशावरच झाकण घालत नाही, त्याला झडप कसे म्हणणार?

माझे मत असे, की सर्वसामान्य नाव 'वळसा' (कंसात लूप), आणि जो वळसा क्रियास्थानावर मिटतो त्यालाच झडप.

काळी_मैना
'लवचीक' लिहा, 'लवचिक' नव्हे. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ. पुढे प्रत्यय लागला की मात्र ऱ्हस्व, म्हणून 'लवचिकपणा'. गरीब, गरिबी तसे. मास्तरांच्या आक्षेपाबद्दल : 'चल वळसा' म्हटले तर? चल-अचल मुलांना ठाऊक असते आणि त्यात सैलपणाची छटा नाही.

उंबरठा
'चल' गणितात अडकला आहे, मुले 'एक्स' शोधतील. त्यापेक्षा 'हलता वळसा' बरा. साधा आहे आणि खोटा नाही.

पाटीपेन्सिल
फार कामाचे मिळाले. आता वाक्य असे केले आहे : 'विकरातील हलत्या वळशांवर त्याचा वेग ठरतो.' कसे आहे?

रसायनमास्तर
वळसा-वळशांवर बरोबर. 'ठरतो' जरा जास्त होते. काही विकरांत मात्र ते शोभते. मानवी पीटीपी1बी आणि यर्सिनिया जिवाणूचे योपएच, या दोन फॉस्फेटेजांत (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांत) क्रियास्थानातली रासायनिक यंत्रणा सारखीच आहे, तरी योपएच कितीतरी वेगवान. 2013 साली दोघांच्या लूपचा मिटण्याचा वेग मोजला, तर तो ज्याच्या त्याच्या विक्रियेच्या वेगाशी जुळला. पण डायहायड्रोफोलेट रिडक्टेजमध्ये एरवी सगळे खोळंबते ते उत्पादन सुटण्यासाठी. तेव्हा 'हलत्या वळशांमुळे विकराचा वेग आणि अचूकता दोन्ही बदलू शकतात' असे करा. 'अचूकता' गाळू नका, मिथिल ग्लायॉक्सलची गोष्ट त्याच शब्दात आहे.

चिंचबोर
आणि क्रियाद्रव्य म्हणजे सबस्ट्रेट हे मुलांना कोण सांगणार?

पाटीपेन्सिल
त्याचा वेगळा धागा उद्या काढते. 'अवस्तर'वाले येतीलच भांडायला.