ग्रुपवरचं बोलणं सरकारले वाचता येते काय?

कास्तकार_दारव्हा: कापसाच्या भावाच्या ग्रुपवर आंदोलनाचंही बोलणं चालते. सरकार व्हॉट्सॲप वाचते काय? व्हीपीएन (आपला नेटवरचा पत्ता लपवणारं ॲप) टाकलं तं भागते काय?

वऱ्हाडी_नेट: वाटेत मजकूर वाचता येत नाही, कोण कोणाशी कधी बोललं, हे कंपनीले समजते. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारले कोणाचं बोलणं पाहाचं असन तं साधारणपणे गृहसचिवाचा आदेश लागतो. आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. खरं भोक बॅकअपचं, म्हणजे चॅटच्या साठवलेल्या नकलेचं! सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअपमध्ये एन्क्रिप्शन (मजकुराले कुलूप) चालू करा. त्याची ६४ अंकी किल्ली (की) घेतली तं वहीत लिहा. हरवली का बॅकअप गेला.

तार_जोडणी: व्हीपीएनच्या भरवशावर राहू नका. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या आदेशानं व्हीपीएन कंपनीले ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (नेटवरचा पत्ता) ५ वर्षं ठेवा लागते.

वऱ्हाडी_नेट: अन् ग्रुपमधल्यानंच स्क्रीनशॉट देल्ला तं? त्याले कुलूप नाही.